गुडघा बदलल्यावर आईला कुठे ठेवायचं: नारायण पेठ, वाकड की रिहॅब सेंटर?

वाकडकर_नाइलाजाने

मंडळी, आईच्या (वय ७२) उजव्या गुडघ्याचं टीकेआर (सांधा बदलण्याचं ऑपरेशन) गणपती झाले की लगेच करायचं ठरलंय. डावाही गेलेलाच आहे, पण शुगर आणि बीपी बघता सर्जन म्हणाले, एकेक करू, दुसरा काही महिन्यांनी. ऑपरेशनबद्दल प्रश्न नाही. डॉक्टर ठरले, तारीख ठरली. घोडं अडलंय ते डिस्चार्जनंतर. हॉस्पिटल चार-पाच दिवसांत घरी सोडणार. पुढचा महिना-दीड महिना आईने कुठे राहायचं यावर घरात तीन पक्ष पडलेत.

पक्ष पहिला, खुद्द आई: "मी माझ्या घरी जाणार." घर नारायण पेठेत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला, आणि वळणावर कुणाची तरी सायकल कायमची उभी. संडास भारतीय, आत जायला चांगला वीतभर उंबरठा. शेजार मात्र असा की दुपारी दार वाजवून कुणी ना कुणी डोकावतंच.

पक्ष दुसरा, मी: वाकडला आमच्याकडे. लिफ्ट आहे, कमोड आहे, खाली चालायला सपाट जागा आहे. पण आम्ही दोघंही नोकरीला, मुलगी शाळेत. दिवसा घरात कोणी नाही. आईच्या मते वाकडला माणसं राहत नाहीत, फक्त पार्किंग राहतं.

पक्ष तिसरा, नाशिकची ताई: रिहॅब सेंटर. चोवीस तास सिस्टर, दिवसातून दोनदा फिजिओ, आपल्याला चिंता नाही. आम्ही दोन सेंटरं बघून आलो. दोन्हीकडे गुळगुळीत फरशा, मशीन्स, बागेत वॉकर घेऊन चालणारे आजी-आजोबा. दोन्हीकडचा दोन आठवड्यांचा आकडा ऐकून मी पार्किंगमध्ये जरा वेळ नुसताच गाडीत बसून राहिलो. खर्च करायची तयारी आहे, पण त्याने गुडघा खरंच जास्त चांगला होतो का? की आपण फक्त आपली चिंता आउटसोर्स करतोय?

ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनीच लिहा. "आईची सेवा घरीच करावी" छापाचे प्रतिसाद ताईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भरपूर आलेत.

नदीपल्याड

आधी ती सायकल हलवा. बाकीची चर्चा नंतर.

वाकडकर_नाइलाजाने

नारायण पेठेतली सायकल हलवणं हे टीकेआरपेक्षा मोठं ऑपरेशन आहे, साहेब.

कुमठेकर_रोडची_सून

मी दोन्ही बघितलंय. सासूबाईंचा खुबा बदलला तेव्हा त्या रिहॅब सेंटरला राहिल्या, आणि बाबांचा गुडघा झाला तेव्हा ते सिंहगड रोडला स्वतःच्याच घरी. लांबण लागेल, पण लिहिते.

पहिलं म्हणजे खुब्याचे सल्ले गुडघ्याला लावू नका. लोक सर्रास लावतात. सासूबाईंचा छेद मागच्या बाजूने होता, त्यामुळे नियमांचा कागदच हातात मिळाला होता: कंबरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांमध्ये उशी, खुर्ची आणि कमोड उंच. खाली पडलेला रुमाल उचलायला वाकल्या की आम्ही सगळे किंचाळायचो, कारण सांधा निखळण्याची भीती. पण दुखणं त्या मानाने कमी होतं. बाबांच्या गुडघ्याचं बरोब्बर उलटं. निखळायची धास्ती नाही, पण दुखतो, सुजतो, रात्री झोपू देत नाही, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत नेटाने वाकवला-सरळ केला नाही तर तिथेच धरून बसतो. थोडक्यात, खुब्याला पहारेकरी लागतो आणि गुडघ्याला मास्तर. तुमच्या आईला मास्तर हवाय.

आता सेंटर. सासूबाईंना तिथे खरा फायदा फिजिओपेक्षा बाकीच्या बायकांमुळे झाला असं माझं ठाम मत आहे. संध्याकाळी सगळ्याजणी वॉकर घेऊन पॅसेजमध्ये निघायच्या. घरी बेडरूममधून हॉलमध्ये यायला कुरकुरणारी ही बाई, पण "ती सातारची माझ्यानंतर आली आणि माझ्याआधी काठीवर गेली" हे काही त्यांना सहन होईना. दुसरा फायदा रात्रीचा. रात्री दोन वाजता बाथरूमला जायचं तर बेल दाबली की कोणीतरी येतं. हे छोटं वाटतं. माझ्या नवऱ्याला विचारा, तो म्हणेल निम्मे पैसे त्या बेलचेच होते.

न आवडलेलं: रविवारी फिजिओ नाही. "दिवसातून दोनदा" मधली दुसरी वेळ म्हणजे सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून एकत्र हातपाय हलवणं. चांगलं आहे, पण ते काही वैयक्तिक लक्ष नव्हे, आणि बिलात मात्र तसंच लिहिलेलं. सकाळचा चहा सात वाजता, तो दुधाचा पांढरा. त्यावर सासूबाई अजून बोलतात.

पण मुख्य घोटाळा घरी आल्यावर झाला. सेंटरमध्ये पलंग उंच, संडासात दोन्ही बाजूंना दांडे, कुठेही उंबरठा नाही. तिथे त्या तुरुतुरु चालत होत्या. आमच्याकडे आल्या आणि पहिल्याच दिवशी मोरीच्या पायरीपाशी थबकल्या. पलंग बुटका, त्यावरून उठता येईना. सगळं पुन्हा शिकवायला घरी फिजिओ लावावीच लागली. म्हणजे सेंटर केलं तरी घराची तयारी टळत नाही, फक्त पुढे ढकलली जाते. तिथे जाणारच असाल तर निघायच्या आधी त्यांना तुमच्या घराचे फोटो दाखवा. जिना, पलंग, संडास. आणि म्हणा, हे शिकवा.

बाबांचं घरी छान झालं, कारण आई खमकी. बाबा फिजिओला "आज पाऊस आहे, उद्या या" असा फोन करायचे, आई दुसऱ्या फोनवरून "येच तू" म्हणायची. तो मुलगा बिचारा आला की आधी पोहे, मग राजकारण, मग गुडघा. आईने पोहे शेवटी ठेवले तेव्हापासून गुडघा वाकायला लागला. शिवाय बघायला येणारे. पेशंट घरी म्हटल्यावर लोक येणारच, आणि पेशंट तासभर पाय लोंबकळत ठेवून त्यांच्याशी गप्पा मारणार. रात्री पाय हा एवढा. तुमच्या आईच्या शेजाराबद्दल तुम्ही प्रेमाने लिहिलंय, त्याची ही दुसरी बाजू. आणि बाईमाणूस स्वतःच्या घरी असेल तर स्वयंपाकघर हाका मारतं. "बसूनच तर निवडायची आहे भाजी" असं सुरू होतं आणि आठवड्यात ओट्याशी उभ्या दिसतात. तुमच्या आईचा स्वभाव तुम्हाला माहीत.

माझ्या मते प्रश्न "कुठे" असा नाहीच. फिजिओ कुठेही असला तरी तुमच्या वाट्याला दिवसातला पाऊण-एक तास. बाकीचे तेवीस तास कोणाचे, ते नावानिशी ठरवा. वाकडला दिवसा कोणी नाही म्हणता, तर ब्युरोची मावशी लागेल, निदान बारा तासांची. ऑपरेशनचे पेशंट हाताळलेली हवी असं ब्युरोला स्पष्ट सांगा, नाहीतर बाळ सांभाळणारी पाठवतात. आणि ऑपरेशनच्या आधी दोन-तीन दिवस तिला घरी बोलवा, म्हणजे आईचं आणि तिचं जमतंय का कळेल. आमच्याकडे पहिल्या मावशीसाठी सासूबाईच पोळ्या लाटायच्या बेतात होत्या.

नारायण पेठ अशक्य नाही. जिना एकदा चढून गेलं की गेलं. पण टाके काढायला, ड्रेसिंगला, तपासणीला पुन्हा उतरणं-चढणं आलं. भारतीय संडासावर ठेवायची मधे भोक असलेली खुर्ची मिळते, भाड्यानेही मिळते. पण त्या वीतभर उंबरठ्याचं काय करणार?

फिजिओ_कर्वेनगर

मी घरी जाऊन फिजिओथेरपी करते, त्यामुळे माझा कल घराकडे असणार हे गृहीत धरून वाचा.

तुमच्या मूळ प्रश्नाचं, म्हणजे सेंटरमध्ये राहून गुडघा जास्त चांगला होतो का याचं उत्तर बऱ्यापैकी माहीत आहे. सिडनीत एक चाचणी झाली, २०१७ साली जामा या नियतकालिकात आली. एका गुडघ्याचं टीकेआर झालेले १६५ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला दहा दिवस भरती ठेवून रिहॅब आणि मग घरचा कार्यक्रम, दुसऱ्याला थेट घरचा, देखरेखीखालचा कार्यक्रम. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत कोण किती चालतं ते मोजलं. फरक नाही. टोरोंटोमध्ये खुबा आणि गुडघा दोन्हींवर आधी असाच अभ्यास झाला होता, २००८ साली छापलेला, त्यातही घरचे मागे पडले नाहीत आणि खर्च कमी आला.

पण हे निकाल पेठेत जसेच्या तसे आणू नका. सिडनीच्या चाचणीत गुंतागुंत नसलेले, घरी जाण्याजोगेच रुग्ण होते. एक कठडा, एक सायकल आणि वीतभर उंबरठा त्यात नव्हता. आणि "घरचा कार्यक्रम" म्हणजे छापील व्यायामाचा कागद फ्रिजला चिकटवणं नव्हे, त्यावर फिजिओची देखरेख होती.

सेंटर मी स्वतःहून कोणाला सुचवते? दोन्ही गुडघे एकदम केलेले, घरी खरोखर एकटे राहणारे, ऑपरेशनच्या आधीच खूप अशक्त किंवा तोल जाणारे, आधी पक्षाघात झालेले, किंवा हॉस्पिटलमधून निघताना एका माणसाच्या मदतीनेही पलंगावरून उठता येत नाही असे. तुमच्या आई यात बसतात का ते तारखेच्या आधी नाही, हॉस्पिटलच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळेल. म्हणून सेंटरला आत्ता "नको" म्हणू नका, जागा मिळेल का एवढं विचारून ठेवा. आगाऊ पैसे भरू नका.

सेंटर बघताना मशीन बघून भुलू नका. गुडघा आपोआप हलवणारं ते सीपीएम मशीन सगळे कौतुकाने दाखवतात. त्याने चालण्यात किंवा वाकण्यात लक्षात येण्याजोगा फायदा होत नाही असं कोक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा २०१४ चा आढावा सांगतो. त्याऐवजी विचारा: रविवारी फिजिओ असते का? रोज एकच येते की बदलते? जिना शिकवता का, आणि तो खरा जिना आहे की तीन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा?

गुडघ्याबद्दल एक गोष्ट, कारण घरोघरी हेच चुकतं. सगळे वाकवण्याच्या मागे लागतात आणि सरळ करणं विसरतात. दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवतात. ठेवू नका. उशी किंवा टॉवेलची गुंडाळी ठेवायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने सरळ होतो. सरळ झाला नाही तर माणूस कायम लंगडतो. वाकण्याचं म्हणाल तर साधारण दोन आठवड्यांत नव्वद अंश हे माझं लक्ष्य असतं. पुढे मिळत जातं, पण अडकलाच तर भूल देऊन वाकवायची वेळ येऊ शकते. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याची गोळी, नंतर बर्फ. हे वेळापत्रक मावशीला समजावून द्या.

आणि हे फिजिओवर सोडू नका: पोटरी दुखून ताठरली, पाय अचानक जास्त सुजला, जखमेतून पाणी येतंय, ताप आहे, तर त्याच दिवशी सर्जनला फोन. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनही नको, थेट इमर्जन्सी. रक्त पातळ राहण्याची गोळी "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नसते.

गणपतीनंतरची तारीख घेतलीत हे उत्तम. उत्सवात पेठांत रस्ते बंद असतात, दोन वर्षांपूर्वी एका पेशंटकडे मी अलका चौकातून चालत गेले होते आणि परत येताना मिरवणुकीत अडकले.

विमा_बघणारा

कोणी विम्याचं लिहिलं नाही म्हणून. पॉलिसीत कायम वगळलेल्या गोष्टींची यादी असते, तिथे "एक्स्क्ल ०५" बघा. विश्रांती, पुनर्वसन आणि देखभालीसाठी दाखल होणं त्यात वगळलेलं असतं. ही शब्दरचना आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, ठरवून दिलेली आहे, त्यामुळे कंपनी बदलली तरी सापडेल. म्हणजे सेंटरचं बिल बहुतेक तुमच्याच खिशातून. सेंटरवाला "क्लेम होतो हो" म्हणाला तर टीपीएकडून (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या संस्थेकडून) लेखी घ्या.

घरी येणाऱ्या फिजिओचं मात्र बघा. डिस्चार्जनंतरचा खर्च बऱ्याच पॉलिसींत ६० किंवा ९० दिवसांपर्यंत धरतात. त्यात फिजिओ बसवायची तर सर्जनने डिस्चार्ज कार्डावर ती लिहिलेली हवी आणि प्रत्येक भेटीची नोंदणी क्रमांकासकट पावती हवी. डिस्चार्जच्या गडबडीत हे लिहून घ्यायचं राहतं. मावशीचा पगार, वॉकर, कमोड खुर्ची हे धरून चालू नका.

पॉलिसी नवी असेल तर सांधेबदलाला प्रतीक्षा कालावधीही असतो, तो संपलाय ना? ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा आणली, त्यामुळे लोकांना वाटतं सगळंच स्वस्त झालं. मर्यादा इम्प्लांटला आहे, रूमला आणि रिहॅबला नाही.

नदीपल्याड

सूनबाईंचा तेवीस तासांचा मुद्दा पटला. माझ्या भावाने सेंटरला पैसे ओतले, तिथून आला आणि दोन महिने टीव्हीसमोर बसला. गुडघा अजून तिरकाच.

वाकडकर_नाइलाजाने

सगळ्यांचे आभार. काल रात्री तिघांचा कॉन्फरन्स कॉल झाला. आई म्हणाली, "मला सेंटरला टाकलंत तर दुसरा गुडघा करणार नाही." ताई रडली, मग दोघी हसल्या. आत्ताचा मसुदा असा: डिस्चार्जनंतर वाकडला, बारा तासांची मावशी, घरी फिजिओ, आणि पहिले दोन आठवडे मी घरून काम करणार (मॅनेजर तोंडी हो म्हणालाय). टाके निघाले की नारायण पेठेत. सेंटरला जागेचं विचारून ठेवलंय, पैसे भरले नाहीत.

दोन शंका. मधेच जागा बदलली की फिजिओ बदलणार, कारण वाकडचा पेठेत येत नाही. चालेल? आणि संडासाच्या दाराचं माप घेतलं, २२ इंच भरलं. भाड्याचा वॉकर त्याहून रुंद आहे.

कुमठेकर_रोडची_सून

टाके निघाले हा नेण्याचा निकष लावू नका. टाके जखमेचे, जिना पायाचा. मागे कोणीतरी उभं असताना त्यांनी वाकडच्या सोसायटीचा जिना दोन मजले चढून-उतरून दाखवला की न्या. तोवर लिफ्ट आहे म्हणून जिन्याची सवय टाळू नका. आणि आईंना तारीख सांगून टाकू नका, नाहीतर बॅग भरून बसतील.

फिजिओ_कर्वेनगर

फिजिओ बदललेली चालते. वाकडच्याकडून वाकणं-सरळ होणं किती अंश, कोणते व्यायाम किती वेळा, हे शेवटच्या दिवशी वहीत लिहून घ्या. आधीच एकमेकांशी फोनवर बोलले तर फारच चांगलं.

जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. कठडा एकाच बाजूला आहे, म्हणजे चढताना ज्या हाताला असेल त्याच्या उलट हातात उतरताना येणार. म्हणून काठी दोन्ही हातांत धरायचा सराव वाकडलाच करून घ्या. त्यांचा डावाही गुडघा दुखरा आहे, तेव्हा "चांगला पाय" हा शब्द जरा सैल घ्यावा लागेल. एका पायरीवर दोन्ही पाय आल्याशिवाय पुढची पायरी नाही.

२२ इंचाच्या दारातून वॉकर आडवा करून नेणारे असतात आणि त्यातच पडतात. वॉकर दाराबाहेर ठेवायचा, आत हाताला लागेल असा दांडा हवा. एक चौकटीच्या आत उभा, एक खुर्चीच्या बाजूला आडवा. भिंतीत ड्रिल करून बसवलेला घ्या, रबराच्या चकतीने चिकटणारा नको, तो ओल्या टाइलवरून सुटतो. उंबरठ्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार करून घेता येईल का ते प्लंबरला विचारा. नाहीतर निदान बाहेरच्या बाजूला, वॉकर ठेवाल तिथे, एक रुंद, न हलणारी पायरी. गणपतीच्या आधीच करून घ्या, नंतर प्लंबर मिळत नाही.